गावात वाचणारं दुसरं कोणी नाही, तर गुडरीड्स-फेसबुकचा खरंच उपयोग होतो का? माझा अनुभव

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही घाटंजीकडच्या एका खेड्यात राहता, बीए झालं, घरी शिवणकाम करता, वाचायचा लय नाद आहे पण गावात वाचणारं कोणी नाही. तर गुडरीड्स (वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायचं आणि त्यांवर लिहायचं वाचकांचं नेटवर्क), फेसबुकवरचे पुस्तकांचे ग्रुप, इन्स्टा यातलं काय घ्यावं, मराठी पुस्तकं तिथं सापडतात का, आणि हा सगळा टाइमपास तर नाही नं, असं तुम्ही विचारलं, कारण घरचे म्हणून राहिले की दिवसभर मोबाईलातच तोंड असते. मी यवतमाळ जिल्ह्यातच एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात २२ वर्षांपासून ग्रंथपाल आहे, सरकारी दर्जानं आधी ड वर्ग होतं, आता वाढून क वर्ग झालं, आणि २०१३ पासून पुस्तकांसाठी ही नेटवर्कं वापरून राहिलो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

तुम्ही विचारलं कोणतं ॲप. पण प्रश्नात मधेच एक वाक्य लिहिलंय, की पुस्तक संपलं की दोन दिवस डोक्यात फिरत राहते आणि सांगायला कोणी नसते. माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. पुस्तक मिळत नाही ही अडचण वेगळी, ती काही ना काही करून सुटते. वाचलेलं बोलायचं कोणापाशी, ही गावातल्या वाचकाची मोठी अडचण. नोकरीला लागलो त्या वर्षीची गोष्ट सांगतो, एक कादंबरी रात्री १ वाजता संपवली आणि सकाळी वाचनालय उघडायच्या आधी पारावर बसलेल्या चुलतभावाला सगळी कथा सांगायला लागलो. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "तं मंग त्या बाईचं वावर कोनाच्या नावावर झालं?" प्रश्न एकदम बरोबर होता, लेखकानं तो कुठंच सोडवला नव्हता आणि माझ्याही ध्यानात आला नव्हता. पण मला त्या सकाळी असा माणूस पाहिजे होता ज्यानं तेच पुस्तक वाचलंय, ज्याला मी म्हणू शकेन की विहिरीजवळचा तो प्रसंग आठवते का, आणि तो म्हणेल हो. असा माणूस मला पुढं दहा-अकरा वर्षांनी मोबाईलवर भेटला.

आता हे सगळ्यांना सारखं लागू होणार नाही, ते आधीच सांगतो. फोन तुमचा एकटीचा आहे की घरात सगळ्यांत मिळून एक, रेंज घरात येते की धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, जावं लागते, इंग्रजी वाचायची सवय आहे की नाही, आणि तुम्ही नेमकं काय वाचता, यावर बरंच अवलंबून आहे. फक्त मराठी वाचत असाल तर गुडरीड्सवर गर्दी कमी दिसेल, फेसबुकवर जास्त. इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचत असाल तर गुडरीड्समध्ये मजा आहे. इन्स्टावर नवीन काय आलं ते लवकर कळते, प्रकाशकच फोटो टाकतात, पण तिथं बोलणं होत नाही, मुखपृष्ठ पाहिलं की बोट पुढं सरकते. तुमची अडचण बोलण्याची आहे म्हणून मी इन्स्टा शेवटी ठेवीन.

गुडरीड्स २००७ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, २०१३ मध्ये ॲमेझॉननं विकत घेतलं. त्यात मुख्य तीन कप्पे असतात, वाचलेली, वाचत असलेली आणि वाचायची. हे ऐकायला साधं वाटते पण आपल्याकडं पुस्तक हाती लागायला कधी सहा-सहा महिने जातात, तोपर्यंत नाव विसरून जाते, त्यामुळं तो तिसरा कप्पा लय कामाचा. माझ्या त्या कप्प्यात आज २१४ पुस्तकं आहेत आणि वाचनालयाचं अनुदान आलं, खरेदीची वेळ आली, की मी आधी तीच यादी उघडतो. मराठी पुस्तकं तिथं आहेत, पण शोधायला खटपट आहे. एकच पुस्तक कोणी देवनागरीत टाकलेलं असते, कोणी इंग्रजी अक्षरात, आणि त्यातही 'व' ला कोणी व्ही लिहिलेलं, कोणी डब्ल्यू. म्हणून नाव दोन-तीन तऱ्हेनं टाकून पाहायचं, मग लेखकाच्या आडनावानं. मागच्या पानावर आयएसबीएन नंबर, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असला तर तोच टाकायचा, २००७ पासून तो १३ आकडी झाला, त्याआधी १० आकडी होता, पण जुन्या पुस्तकांवर आणि आपल्या तालुक्याच्या प्रेसमध्ये छापलेल्यांवर तो बहुतेक नसतोच. तरीही नाही सापडलं तर तिथं लायब्ररियन म्हणून काम करणारे स्वयंसेवक असतात, त्यांच्या ग्रुपवर मुखपृष्ठाचा फोटो आणि माहिती देऊन पुस्तक टाकायची विनंती करता येते. लायब्ररीथिंग म्हणून अजून एक आहे, २००५ पासूनचं, तिथं हातानं पुस्तक टाकता येते, आधी २०० पुस्तकांपर्यंतच फुकट होतं, २०२० पासून ती मर्यादा काढली. घरी पुस्तकांची पेटी असेल आणि तिची नीट यादी करायची असेल तर ते चांगलं.

एका पुस्तकाची गोष्ट सांगतो, म्हणजे मी एवढं जीव तोडून का सांगून राहिलो ते कळेल. आमच्या वाचनालयात जात्यावरच्या ओव्यांचं एक पातळ पुस्तक आहे, पिवळं पडलेलं, छोट्या प्रेसमध्ये छापलेलं. २०१५ मध्ये मी ते गुडरीड्सवर नोंदवलं आणि चार ओळी लिहिल्या. सव्वा वर्ष त्या पुस्तकाला जगात एकच वाचक दिसत होता, मीच. मग एक दिवस तिथं दोन आकडा दिसला. वणीकडच्या पण नाशिकला नोकरीला असलेल्या एका बाईंनी लिहिलं होतं की यातल्या काही ओव्या माझी आजी म्हणायची, आणि पान ४१ वरच्या ओवीचा अर्धा चरण छापताना सुटलाय, आजी तो असा म्हणत असे, म्हणून त्यांनी तो पूर्ण करून दिला. मी वाचनालयाची प्रत काढली, पान ४१ उघडलं, खरंच ती ओवी लंगडी होती, आणि इतकी वर्षं आम्ही ती तशीच वाचून राहिलो होतो. पेन्सिलीनं तो चरण बाजूला लिहून ठेवला, आजही आहे. त्या बाईंना मी कधी भेटलो नाही. पण ते पुस्तक आता आमच्या गावात पुरं आहे.

फेसबुकच्या मराठी ग्रुपांचा आनंद वेगळ्या तऱ्हेचा. तिथं माणसं जास्त बोलतात, आणि पुस्तक अर्धवट आठवत असेल तरी चालते. आमच्याकडं येणारे एक काका आहेत, शाळेत असताना एक गोष्ट वाचली होती म्हणे, मासिकाला मुखपृष्ठच नव्हतं, नाव माहीत नाही, फक्त एक मुलगा आणि बंद पडलेली पवनचक्की एवढंच आठवते. मी तेवढंच ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकानं सांगितलं की ही 'किशोर'मध्ये आली असावी, जुने अंक पाहा. 'किशोर' बालभारतीनं १९७१ मध्ये सुरू केलेलं मासिक, आणि जुने अंक त्यांनी ऑनलाईन फुकट वाचायला ठेवलेत, हे मी ग्रंथपाल असून मला तोवर ठाऊक नव्हतं. काका तीन दिवस वाचनालयातल्या कॉम्प्युटरसमोर बसून एकेक अंक पाहत होते. सापडली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, मी आणि पेपर वाचायला आलेले दोघं ऐकत होतो.

आणि शब्दांची देवाणघेवाण, ही मला सगळ्यात जास्त आवडते. आपल्या भागातली कादंबरी वाचताना पुण्याच्या एका वाचक ताईंनी विचारलं की पऱ्हाटी म्हणजे काय, डवरणी म्हणजे काय, शब्दकोशात पाहिलं पण डोळ्यापुढं येत नाही. मी दुसऱ्या दिवशी वावरातून पऱ्हाटीचा फोटो टाकला, कापूस वेचून झालेली, सुकलेली, आणि डवऱ्याचा, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायच्या अवजाराचा, व्हिडिओ टाकला बैल चालताना. खाली एका कोकणातल्या भाऊंनी मग कुणगा आणि मांगर (शेतातलं खोपटं) दाखवले. भाताचा तो चिमुकला तुकडा पाहून मला कळलं की माझ्या आवडीच्या एका कोकणी कथेत म्हातारा कुणग्यासाठी एवढा का भांडतो. मी ती कथा त्याआधी तीनदा वाचली होती, आणि डोळ्यापुढं दरवेळी आपल्यासारखं चार एकराचं वावर येत होतं. असं वाचन एकट्यानं घरात बसून होत नाही, कितीही पुस्तकं आणली तरी.

व्हॉट्सॲपचं सांगतो, कारण तुम्हाला शेवटी तिथंच यायचं आहे असं मला वाटते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाचनालय बंद होतं तेव्हा सभासदांचा एक ग्रुप काढला, आज ३७ जण आहेत, दारव्हा, आर्णी, दिग्रस, दोघं वाशीमचे. आठवड्याला साधारण ४० पानं ठरवतो आणि रविवारी रात्री ९ ला बोलतो. गुड मॉर्निंग, फॉरवर्ड आणि राजकारण बंद, एवढेच नियम. सुरुवातीला कोणी लिहीतच नव्हतं, आठ दिवस मी एकटाच बोलून राहिलो होतो. मग लक्षात आलं की लोकांना टाइप करायचा कंटाळा आहे, बोलायचा नाही. व्हॉइस मेसेज चालेल म्हटलं आणि ग्रुप सुरू झाला. एक भाऊ आहेत, त्यांच्या भागात ओलिताला लाईन रात्रपाळीत असली की ते मोटार चालू करून विहिरीजवळच्या खोलीत बल्बखाली वाचत बसतात आणि रात्री २ वाजता व्हॉइस टाकतात, मागं पाण्याचा आवाज येत असतो. पाचवी-सहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण कर्ज काढलेल्या बापाचं मन लेखकाला कुठं कळलं नि कुठं नाही कळलं हे त्यांच्याएवढं नेमकं मी कोणा समीक्षकाकडून ऐकलं नाही. दिवाळीनंतर कापूस वेचायला लागला की आम्ही ४० पानांची १५ करतो, कधी पंधरा दिवस बंदच ठेवतो. हे मुद्दाम सांगतो, कारण शहरातल्या ग्रुपचं वेळापत्रक तुम्ही उचललं तर सीझनमध्ये मागं पडाल आणि वाटेल की आपल्याच्यानं होत नाही. होते, फक्त आपलं वेळापत्रक आपल्या कामावरून ठरवायचं.

एक काळजीची गोष्ट. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. त्यामुळं अनोळखी माणसांच्या ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी जाऊ नका. फेसबुक किंवा गुडरीड्सवर आधी दोन-तीन महिने बोला, माणसं कशी आहेत ते कळते, मग ठरवा. प्रोफाईलला स्वतःचा फोटो नाही लावला तरी काही बिघडत नाही, आमच्या बऱ्याच ताईंनी पुस्तकाचं मुखपृष्ठ लावलंय. पुस्तकाचं निमित्त काढून इनबॉक्समध्ये येणारे असतात, त्यांना उत्तर द्यायचं काहीच बंधन नाही, सरळ ब्लॉक करा. पुस्तक पाठवायला पत्ता मागितला तर घरचा देऊ नका, गावातल्या नाही तर तालुक्याच्या वाचनालयाचा द्या, ग्रंथपालाला आधी विचारून. कोणताही चांगला ग्रंथपाल नाही म्हणणार नाही.

पत्त्यावरून आठवलं, ही देवाणघेवाण आता परवडण्यासारखी झाली आहे. पोस्टानं १ मे २०२५ पासून पुस्तकं पाठवायसाठी ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू केली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं पाहिजे, जाहिरातीचं साहित्य चालत नाही, आणि रस्त्यानं-रेल्वेनं जाते म्हणून थोडे दिवस लागतात. जाण्याआधी दर एकदा पोस्टात विचारून घ्या. आमच्या ग्रुपमध्ये एक पुस्तक असंच सहा घरं फिरून परत आलं, मागच्या कोऱ्या पानावर प्रत्येकानं तारीख आणि एक ओळ लिहिलेली. जे पुस्तक हरवलं तर जीवाला लागेल ते मात्र पाठवू नका, आणि वाचनालयाचं तर बिलकुल नाही.

पीडीएफचं तुम्ही विचारलं नाही पण कोणीतरी पाठवीलच. भारतात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं झालं. अशी जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोत या मोफत पुस्तकांच्या वेबसाईटवर खुशाल वाचा. आज लिहिणाऱ्या लेखकाचं पुस्तक कोणी फुकट टाकलं तर घेऊ नका असं मी कळकळीनं सांगतो, मराठीत एक आवृत्ती खपायला वर्षानुवर्षं लागतात, त्यातल्या शंभर प्रती गेल्या तरी पुढचं पुस्तक छापताना प्रकाशक दहादा विचार करतो.

आता घरचे म्हणतात त्याबद्दल. ते पूर्ण चुकीचं म्हणून राहिले असं मला वाटत नाही. पुस्तकांबद्दल पाहत बसणं हे वाचन नाही, आणि फोनला तो फरक कळत नाही, आपल्यालाच ठेवावा लागतो. मी २०१७ मध्ये गुडरीड्सवर वर्षाचं ६० पुस्तकांचं टार्गेट ठेवलं. नोव्हेंबरात ४३ झाली होती, मग मी पातळ पातळ पुस्तकं शोधायला लागलो, आणि एक जाडजूड कादंबरी जिच्यात मी मनापासून रमलो होतो ती ३०० व्या पानावर बाजूला ठेवली, आकडा भरायसाठी. टार्गेट पुरं झालं. ती कादंबरी पुन्हा हाती घेतली तेव्हा माणसं ओळखीची राहिली नव्हती, पहिल्यापासून वाचावी लागली. तेव्हापासून टार्गेट बंद. स्टारचंही तसंच, तिथं तीन स्टारचा अर्थ "आवडलं" असा आहे, आपल्याला वाटते तीन म्हणजे कमी. म्हणून कोणाचे तीन पाहून पुस्तक सोडू नका, खाली लिहिलेलं वाचा.

माझी सवय अशी, आधी वहीत लिहायचं आणि मग फोनवर. पुस्तक संपलं की त्याच रात्री वहीत अर्धं पान, जसं सुचेल तसं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं चार ओळींचं तिथं टाकायचं. याला कारण आहे. पूर्वी मी ज्या एका नेटवर्कवर लिहीत होतो ते बंद पडलं आणि चार वर्षांच्या नोंदी गेल्या, वेळेवर उतरवून घेतल्या नाहीत. आता दर दिवाळीला गुडरीड्सच्या वेबसाईटवरून माझी यादी एक्सपोर्ट करून ठेवतो, माय बुक्समध्ये इम्पोर्ट-एक्सपोर्ट म्हणून आहे, फाईलमध्ये आपण लिहिलेलंही येते. आणि वही तर आहेच.

घरच्यांना एक गोष्ट करून पाहा, रविवारच्या बोलण्याचे व्हॉइस स्पीकरवर लावा. आमच्या ग्रुपमधल्या एका सूनबाईंची सासू तूर निवडता निवडता ऐकायची, आता त्याच विचारतात, "त्या पोरीचं पुढं काय झालं वं?" आणि कधी आठवडा चुकला तर सुनेच्या फोनवरून मलाच निरोप येतो.

तुमच्या जागी मी असतो तर या महिन्यात एवढंच केलं असतं. गुडरीड्सवर खातं काढून आजवर वाचलेल्यातली आठवतील ती वीस पुस्तकं टाकली असती, फेसबुकवरचा एकच मराठी ग्रुप धरला असता आणि आठ दिवस फक्त वाचलं असतं कोण काय बोलते ते, मग ज्याची आवड जुळते त्याच्या एखाद्या नोंदीखाली खरंखुरं दोन ओळींचं लिहिलं असतं. "छान", "मस्त" असं नाही, तर कोणता प्रसंग, का आवडला किंवा का पटला नाही. त्या दोन ओळींवरच माणसं जोडली जातात. आणि जवळच्या वाचनालयात सभासद व्हा, तिथल्या ग्रंथपालाला तुमची वाचायची यादी द्या. मागणी लिहून दिली तर खरेदीच्या वेळी ते नाव पुढं येते, आमच्याकडं तरी असंच होते.

तुम्ही शेवटी कोणतं पुस्तक संपवलं ते लिहिलं नाहीत. इथंच खाली लिहा, आणि त्यातलं जे दोन दिवस डोक्यात फिरत होतं तेही लिहा. मी वाचलं असेल तर मी बोलतो, नाही तर ग्रुपवर विचारतो. त्या ओलितवाल्या भाऊंनी वाचलं असेल तर उत्तर रात्री २ नंतर येईल, सकाळी उठल्यावर पाहा.